बिंदूआधीचं शून्य

लिफ्टचं दार उघडलं आणि ती थेट त्याच्या कॉफीवर आदळली. त्याचा सदरा छातीपर्यंत भिजला. तिने मात्र माफी मागितली नाही. रागाने तिच्या कानशिलांत ठिणग्या फुटत होत्या.

"औषधांच्या बाटल्यांवरची नवी लेबलं कुणाची करणी?"

"माझीच..." तो रुमाल शोधत म्हणाला. इस्पितळाचा संगणक सांभाळणारा तो. औषधालय सांभाळणारी ती.

तिने बाटली त्याच्या डोळ्यांपुढे धरली. मात्रा होती पाव मिलिलिटर, लेबलावर उमटलं होतं '.२५'. बिंदूआधीचं शून्य गायब, आणि बिंदू माशीच्या पावलाएवढा. बालविभागातल्या सिस्टरमावशींनी पंचवीस वाचून जवळजवळ अख्खी बाटली पेल्यात ओतली होती. तिने वेळीच त्यांचा हात धरला, म्हणून निभावलं.

डेटाबेसात आकडा बरोबरच आहे, तो पुटपुटला. लेबलासाठी त्याचा मजकूर करताना शून्य गळलं असावं.

"डेटाबेस औषध पीत नाही," ती म्हणाली. "लेकरू पितं."

तो तिला आपल्या टेबलापाशी घेऊन गेला. शेजारची खुर्ची ओढून त्याने तिला क्वेरी दाखवली, डेटाबेसातून लेबलाचा मजकूर काढणारी आज्ञा. आकडा कसा छापायचा हे ठरवणाऱ्या साच्यात नऊ लिहिला, तर अंक असेल तरच तो उमटतो. शून्य लिहिलं, तर काही नसलं तरी जागा राखली जाते. बिंदूआधी त्याने नऊ लिहिला होता. आता तिथे शून्य आलं. प्रत्येक लेबल दोघांनी मिळून तपासलं. ती धुमसतच होती — त्याच्यावर, आणि त्याच्या लांब पापण्यांकडे पुन्हा पुन्हा वळणाऱ्या स्वतःच्या नजरेवर तर अधिकच.

दुपारी अधीक्षकांनी सिस्टरमावशींना निष्काळजी ठरवून घरी बसवायचं म्हटलं. ती उसळून उठणार, तोच कॉफीचा डाग मिरवत तो उभा राहिला.

"मावशींनी मी लिहिलं तेच वाचलं, साहेब. बसवायचं तर मला घरी बसवा."

साहेबांनी बाटली हातात घेऊन लेबल स्वतः वाचलं. शेवटी मावशी कामावर राहिल्या. त्याच्या वाट्याला लेखी ताकीद आली.

परतताना लिफ्टमध्ये दोघंच होती. उतरत्या उन्हासारखं काहीतरी तिच्या आत हळूच कलत होतं, आणि त्याचाही तिला संताप येत होता.

"तुमच्या मनात माझ्यासाठी काही नसेल..." तो अडखळला, "...तरी जागा राखाल?"

"मी अजून रागावलेली आहे."

"रागासकट चालेल."

दार उघडलं. ती बाहेर पडली, थबकली.

"शून्य ठेवते," ती वळून न पाहता म्हणाली. "बिंदूच्या आधी."