माझ्याविषयीची बैठक

तुम्ही माझं दार ठोठावलंत, माझ्या तोंडचा शब्द उचललात, त्याचा भलताच अर्थ लावलात आणि वर माझ्यावरच दया दाखवलीत. दर मंगळवारी तुम्ही सगळे एका टेबलाभोवती बसता. कॅम्पस पोलीस, हॉस्टेल सांभाळणारे हाउसिंगवाले, कौन्सेलर आणि मधल्या खुर्चीत चेअरमन म्हणून तुम्ही, साहेब. कॉफी पीत माझं काय करायचं ते ठरवता. मला मात्र एकदाही बोलावलं नाहीत. याला तुम्ही काळजी म्हणता. असेल. पण जिची काळजी करायची तिलाच बाहेर ठेवून कसली काळजी होते, हे मला काही कळत नाही.

झालं काय, ते माझ्याकडून ऐका.

नोव्हेंबरची दुपार होती. बाहेर इथला तो घाणेरडा पाऊस, पडताना पाणी आणि जमिनीला टेकला की काच. मी चौथ्या मजल्यावर माझ्या खोलीत आईशी फोनवर बोलत होते. अकोल्याला असताना आईला सगळं सांगायची सवय, ती इथे परदेशातही सुटली नाही. असाइनमेंट, ब्रॅम्पटनच्या वेअरहाउसमधली शिफ्ट, सकाळी करपलेली पोळी. बोलता बोलता म्हणाले, "आई, या पोळीपायी जीव द्यावासा वाटतो बघ."

"दे, पण आधी तवा घासून ठेव," आई म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. माझी रूममेट क्लोई हसली नाही. तिला मराठी शिकायची हौस, म्हणून मी बोलत असले की ती भाषांतराचं ॲप लावून बसायची. ॲपनं शब्दाला शब्द लावला. क्लोई पांढरी पडली आणि तिनं तुम्हाला फोन केला.

थोड्याच वेळात दारात तिघं हजर. कॅम्पस पोलीस जयदीप गिल, बुटांवर बर्फ घेऊन. कौन्सेलर उमा, हळू आवाजात बोलणाऱ्या. आणि हाउसिंगच्या जॅकेटातला एक उंच मुलगा, थंडीनं नाक लाल झालेला. तो आमच्या मजल्याचा नवा डॉन. मजला सांभाळणाऱ्या सीनियर विद्यार्थ्याला इथे डॉनच म्हणतात, त्याला मी काय करू.

"कल्याणी, आज तू जीव देण्याविषयी काही बोललीस?" उमांनी इंग्रजीत विचारलं.

मी क्लोईकडे पाहिलं. क्लोईनं गालिच्याकडे.

"पोळी..." मी म्हणाले आणि अडकले. पोळीवरून जीव देणं इंग्रजीत कसं सांगायचं?

तेवढ्यात डॉन मराठीत बोलला. लातूरचा हेल. "फुगली नाही व्हय?"

"करपली."

"मग बरोबर आहे. आमची आई तर भेंडी चिकट झाली तरी जीव द्यायची."

मी खदखदून हसले. आणि हसता हसता... रडायलाच लागले. फोनमधून नाही, समोर उभं राहून कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं.

त्यानं त्या दोघांना समजावलं, "आमच्याकडे जीव देतात, खातात, टाकतात, लावतात. रोजच. मरत कुणी नाही."

"हमारी जान भी ऐसी ही है, यार," जयदीप म्हणाले आणि जायला वळले.

पण हा थांबला. उमांना म्हणाला, "ते बोलणं पोळीचं होतं. ती मात्र बरी नाही. तुम्ही तिच्याशी बोलाल का?"

मी दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी तो कॉमन किचनमध्ये भेटला. नंदन नाव.

"चुगली केलीस माझी," मी म्हणाले.

"खरं सांगितलं."

"तुला काय माहीत मी बरी आहे की नाही?"

"काल इथे तव्याजवळ एकच पोळी होती. करपलेली. एकटीपुरती एकच पोळी लाटणारं माणूस बरं असतं होय?"

मी उमांकडे गेले. जात राहिले. आणि हे मी तुमच्या तोंडावर सांगते, त्यांचा मला फार उपयोग झाला. जयदीपसुद्धा भेटले की "पोळी कैसी है?" विचारतात. तुमची माणसं चांगली आहेत. राग तुमच्या बंद दाराचा आहे.

रविवारी मी पोळ्या लाटायचे, नंदन वरण करायचा. वरण कसलं, हळदीचं पाणी. एकदा फोन ठेवताना मी बाबांना जय भीम म्हणाले, तर हा डाव हलवत म्हणतो, "माझाही सांग काकांना." मी त्याच्याकडे बघत राहिले. तो वरणाकडे. वरण उतू गेलं.

लायब्ररीच्या उतारावर एकदा माझा पाय घसरला. त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"डॉननं आपल्या मजल्यावरच्या मुलीचा हात धरायचा नसतो. नियम आहे."

"मग मी पडू?"

"कोपर धर."

"कोपर म्हणजे हातच ना?"

"त्याबद्दल नियम गप्प आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. थंडीनं असतील.

आणि मग तुमची मेल आली. मला कॅम्पसच्या पार दुसऱ्या टोकाला, कौन्सेलिंग सेंटरशेजारच्या इमारतीत हलवायचं ठरलंय. माझ्या भल्यासाठी. जिथे मला कुणी ओळखत नाही, जिथे क्लोई नाही, कॉमन किचन नाही.

"तू होतास ना त्या बैठकीत? बोललास काही?" मी नंदनला विचारलं.

"नाही बोललो."

"का?"

"बोललो असतो तर विचारलं असतं... तुझा काय संबंध."

"काय आहे तुझा संबंध?"

तो खिडकीची काच पुसायला लागला.

म्हणून आज मी न बोलावता आलेय. दार उमांनी उघडलं. बसायचं आमंत्रण नाही, तरी बसलेय. आणि हे सगळं सांगून होतंय तोवर, तुम्ही पाहिलंतच, नंदन उभा राहिला.

"या विद्यार्थिनीबाबत माझं मत धरू नका," तो तुम्हाला म्हणाला. "माझा कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे. पहिल्या दिवसापासून नाही, पण आहे. मला वेगळ्या मजल्यावर टाका. तिला हलवू नका."

हितसंबंध. इतका कोरडा शब्द, आणि माझे तळहात घामेजले. असं प्रेम आजवर कुणी कुणाला सांगितलं असेल का हो, चेअरमनसमोर, कॉफीचे कप मधे ठेवून?

जयदीप छताकडे बघत हसताहेत. नंदननं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि माझ्या शेजारी आणून ठेवली. आता त्यानं माझा हात धरलाय, कोपर नाही. मी सोडवून घेतलेला नाही. त्याचं उत्तर त्याला मिळालं.

आता माझं द्या. ज्यानं मला ओळखलं तो स्वतः मजला सोडायला तयार आहे. माझी खोली माझीच राहणार की नाही? मेलवर नको, पुढच्या मंगळवारी नको. माझ्याकडे बघून सांगा.