पडदा उजळेपर्यंत

अलेक्झांड्रियात मकनसा येते ती नावाला जागूनच. मकनसा म्हणजे झाडू; हिवाळ्यातल्या वादळाला इथे तेच नाव. समुद्रावरून उठते, गल्ल्या धुऊन काढते, आणि माणसांना दिसेल त्या आडोशाला लोटून देते. कोणी कुठल्या आडोशाला जायचं, हे मात्र वरचा ठरवतो.

रदवाला त्या दुपारी तिनं रमल स्टेशनामागच्या कॉम्प्युटर गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. हातात ढकलगाडी, गाडीवर प्लास्टिकच्या कागदाखाली लॅपटॉपची चळत, आणि पुढचं चाक गटाराच्या जाळीत रुतलेलं. ती ओढत होती, पाऊस तोंडावर मारत होता, आणि डोळ्यांतून वाहणारं पाणी नेमकं कुठलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात कोणीतरी गाडीची दुसरी बाजू उचलली.

"हळू हो! आत काय, अंडी आहेत का?"

"अंडी असती तर बरं झालं असतं," रदवा फणकारली. "निदान उबवता तरी आली असती. हे सगळे मेलेत."

तो हसला. उंच, सडपातळ, केसांतून पाणी निथळतंय... आणि एवढ्या पावसात स्वतःचं जाकीट त्यानं लॅपटॉपवर टाकलेलं.

"मेलेल्यांना एवढं जपून कुठे नेताय?"

"त्या निळ्या पाटीच्या दुकानात. माझ्या मामाचं आहे."

"मग आपण शेजारी! समोरचं दुकान मी गेल्या आठवड्यात घेतलंय. हाझिम. गाव टांटा. सॉफ्टवेअरचं बघतो."

"तरीच," रदवा म्हणाली. "सॉफ्टवेअरवालेच विचारतात, आत काय आहे म्हणून. आम्ही उघडून बघतो."

दुकानात गाडी टेकली आणि रमझीमामांनी कपाळाला हात लावला. "सगळे, रदवा?"

"सगळे, मामा."

गोष्ट अशी होती. नर्सिंग शाळेच्या लॅपटॉपचं काम रदवानं मामाशी भांडून स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तिचं पहिलंवहिलं काम. लॅपटॉप फार तापत होते, कंपनीनं त्यावर नवं फर्मवेअर काढलं होतं. म्हणजे यंत्राच्या अगदी मुळातली अक्कल, बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागी होते ती. सकाळी शाळेत बसून रदवानं ते एकेकावर चढवलं. आणि एकेक करून सगळे काळे पडले. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पडद्यावर मात्र अमावास्या.

आणि उद्या सकाळी त्यांच्यावरच मुलींची शेवटची परीक्षा. ती हुकली की थेट उन्हाळ्यात. कफर-दव्वारच्या खेड्यापाड्यांतून पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या पोरी त्या. त्यांच्या घरून दुसऱ्यांदा फी आली असती की नवऱ्यामुलाचं स्थळ आलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी तुला बोललो होतो," मामा म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळूच बोलले. "गल्ली आधीच बोलते, पोरीच्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई शोभत नाही म्हणून. उद्या हे सुरू झाले नाहीत तर परवापासून तू चार्जर आणि कव्हरं विकायची. दुरुस्तीच्या टेबलाला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," रदवा म्हणाली, आणि पेचकस उचलला.

मामा समोरच्या कहवाखान्यात जाऊन बसले. तिथून काचेतून भाची दिसत होती, आणि भाचीच्या दारात घुटमळणारा तो नवा पोरगाही.

"मी बघू का?" हाझिमनं विचारलं. "शेजारधर्म म्हणून."

"बघा. पण हात पुसून या."

मग जी जुंपली! तिनं पहिला लॅपटॉप उघडला, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, परत बसवल्या, बटण दाबलं. काळा. पाच-दहा श्वास वाट पाहिली, आणि अंगठा दाबून बंद केला.

"आता माझी पाळी." त्यानं पेनड्राइव्ह लावला, कुठल्याशा दोन कळा एकदम धरल्या. काळा. त्यानंही बंद केला.

"तुमच्या अपडेटनं खाल्लंय याला," ती म्हणाली.

"माझ्या? चढवलं कोणी? आणि हे हार्डवेअर आहे, इंजिनिअरबाई. स्पष्ट दिसतंय."

"दिसतंय? पडदा काळा आहे, तुम्हाला दिसतंय काय?"

"तुमचा राग दिसतोय ना. तेवढा उजेड पुरतो मला."

रदवानं त्याच्याकडे पाहिलं. मग घाईघाईनं दुसऱ्या लॅपटॉपचे स्क्रू काढायला लागली. स्क्रू उलट्या बाजूला फिरत होता, ते तिला जरा वेळानं कळलं...

दुपारनंतरची असरची नमाज होऊन गेली. टेबलावर उघडी यंत्रं पडली होती, दवाखान्यात रांगेनं निजवल्यासारखी. पावसानं गल्ली ओस पडली. हाझिम जाऊन गरम हुम्मुसचे दोन पेले घेऊन आला. लिंबू पिळलेले, वर तिखट, पेल्यातून वाफ.

"घ्या. टांट्याचा हरभरा आहे. आमच्याकडचा."

"टांट्याच्या माणसांना हरभरा आणि हलवा सोडून काही येतं का?"

"येतं की. वाट बघायला येतं."

"त्यात काय यायचंय?"

"अलेक्झांड्रियाच्या माणसाला नाही कळायचं ते. तुम्ही ट्राम थांबायच्या आधी उतरता."

तिला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा. नेहमीच्या सवयीनं तिचं बोट बटणाकडे गेलं, समोरचा लॅपटॉप सुरू झाला, पंखा घुमला, पडदा काळा. ती त्याला बंद करणार, तर हाझिम पेल्यात बघत सांगू लागला.

"माझे वडील शेख आहेत. म्हणजे... गाणारे. मौलिदच्या, म्हणजे उरुसाच्या, दिवसांत मंडपात उभे राहतात आणि गात गात गोष्ट सांगतात. दोन बोल गद्य, दोन बोल सूर. समोर हजार माणूस, आणि टाचणी पडेल तर ऐकू येईल."

रदवाचं बोट हवेतच राहिलं. "तुम्हाला येतं?"

"मला? छे. मी लॅपटॉप दुरुस्त करतो."

"तेही येत नाही असं आज दिसलंच. गाऊन बघा."

"इथे?"

"गल्लीत कुत्रंही नाही. आणि मामांना तिथे ऐकू जाणार नाही."

हाझिमचे कान लाल झाले. त्यानं पेला खाली ठेवला, घसा खाकरला... आणि गायला लागला.

आवाज फार मोठा नव्हता. पण ज्यांनी अशा मंडपात रात्री काढल्या आहेत त्यांना ठाऊक आहे: गळा लहान असला तरी चालतो, आत भाव भरलेला हवा. त्याच्यात तो काठोकाठ होता. हजला निघालेल्या एका गरीब धोबिणीची गोष्ट. आयुष्यभर लोकांचे पांढरे कपडे धुतले, आणि म्हातारपणी स्वतःच्या पांढऱ्या कपड्यांत निघाली. वाटेत तिला ताप आला. काफिला पुढे गेला. वाळवंटात एकटी मागे राहिली. ती म्हणाली, देवा, माझे पाय थांबले, तू थांबू नकोस...

पत्र्यावर पाऊस ठेका धरत होता. रदवाच्या हातातला पेचकस मांडीवर घसरला, मांडीवरून खाली. तिनं उचलला नाही. तिच्या डोळ्यांपुढे पिवळी वाळू होती.

"...आणि तिसऱ्या प्रहरी तिनं डोळे उघडले. क्षितिजावर धूळ उठली होती—"

तो थांबला.

"पुढे?" रदवा म्हणाली.

तो सावकाश हुम्मुस प्यायला.

"अहो, पुढे? कोण होतं? लुटारू होते का? बोला ना!"

"वडील इथेच थांबतात. पाणी पितात. लोक ओरडतात, पुढे, शेख, पुढे! आणि ते—"

"मी पेला फेकून मारीन हं!"

तेवढ्यात हाझिमच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला.

दोघांनी एकदम खाली पाहिलं. लॅपटॉपचा पडदा उजळला होता. शाळेचं चिन्ह, खाली नाव टाकायची चौकट. जणू काही झालंच नव्हतं.



"काय केलंत तुम्ही?" तिनं कुजबुजत विचारलं.

"काही नाही. तुम्ही?"

"मीही काही नाही."

"काही नाही..." हाझिमनं तेच शब्द पुन्हा उच्चारले, आणि ताडकन उठला. "रदवा! काहीच केलं नाही! तेच! नव्या फर्मवेअरमुळे यंत्राची अक्कल आपल्या मेमरीची ओळख विसरली. पहिल्यांदा सुरू होताना ती सगळी मेमरी पुन्हा शिकते, पट्टी न् पट्टी तपासून. तोवर पडदा काळाच राहणार. आणि आपण दर वेळी—"

"अर्ध्यातून उठवलं!" रदवा ओरडली. "शाळेत मी, इथे आपण दोघं. आणि मी तर पट्ट्याच काढल्या. बिचारी शिकत होती, आणि मी तिची पाटी पुसत होते!"

"आणि मी कानाशी ओरडत होतो."

त्यानं तिला पहिल्यांदा नुसत्या नावानं हाक मारली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिनं ते लक्षात आलंय असं दाखवलं नाही. पेचकस मात्र उगाचच खालून उचलून परत खाली ठेवला.

"खात्री करू. दुसरा लाव."

दुसरा लावला. पंखा घुमला. काळोख. रदवानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"गोष्ट संपव," ती म्हणाली. "नाहीतर माझे हात निघतील."

"ती धूळ काफिल्याचीच होती. तो परत फिरला होता... तिच्यासाठी. म्होरक्याच्या लक्षात आलं, एक उंट मोकळा चाललाय."

रदवाचे डोळे भरले, आणि पडदा उजळला.

मग मामांनाही हाक मारून आणलं. गल्लीतल्या दुकानांकडून तारा मागितल्या, टेबलं जोडली, मिटलेली यंत्रं ओळीनं मांडली. सगळी एकदम सुरू केली. "कोणी बोट लावलं तर बोट कापीन!" रदवानं दम दिला. ज्यांनी 'सळई शोभत नाही' म्हटलं होतं ते दुकानदारही हात बांधून उभे राहिले, मशिदीत उभे राहावं तसे. सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली. आणि पडदे उजळायला लागले. आधी कोपऱ्यातला. मग मधले दोन. मग इकडे, तिकडे, एकदम पाच! दर पडद्याला गल्ली "अल्लाह!" म्हणून दाद देत होती. मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, धूर गेला डोळ्यात.

एक तेवढा राहिला. सगळे उजळले, तो काळाच.

"थांबू अजून," हाझिम म्हणाला.

थांबले. चहा झाला. तो काळाच.

रदवानं त्याच्यावर कान टेकला. "नाही. हा शिकत नाहीये. याला लागलंय." तिनं तो उघडला, भिंग डोळ्याला लावलं. दुपारच्या घाईत तिच्याच हातून पडद्याच्या तारेची इवलीशी खोबण उचकटली होती. तिनं सळई तापवली. केसाएवढे टाके, एकामागून एक, श्वास धरून. हाझिम तिच्या हातांकडे बघत होता. बघतच राहिला.

"वाट बघून सगळंच जागं होत नाही, शेखसाहेब," ती मान वर न करता म्हणाली. "कधी कधी हात घालावाच लागतो."

शेवटचा पडदा उजळला तेव्हा कहवाखान्याच्या मालकानं टाळी वाजवली. मामांनी दुरुस्तीच्या टेबलावरचं स्वतःचं भिंग उचललं आणि भाचीपुढे ठेवलं. "हे टेबल तुझं."

सकाळी मकनसा समुद्रात परत गेली होती. आकाश धुतल्या चादरीसारखं. शाळेच्या सभागृहात लॅपटॉप रांगेनं मांडले, रदवानं एका बाजूनं आणि हाझिमनं दुसऱ्या बाजूनं सगळे सुरू केले. पांढऱ्या कोटातल्या पोरी दारात उभ्या होत्या, रडून रडून डोळे सुजलेल्या. त्यांना काल दुपारीच कोणीतरी सांगितलं होतं, परीक्षा होणार नाही.

सगळे पडदे उजळलेले दिसले, आणि एकीनं जीभ फिरवून अशी लांबलचक जगरूता घातली की कबुतरं उडाली. तिच्यामागून दुसरीनं. मग सगळ्यांनी. लग्नघरी घालतात तशी.

मुख्याध्यापिका वफाबाई घाईघाईनं आल्या. "अगं, चालू झाले? बिघाड काय होता?"

"बिघाड नव्हताच, बाई," रदवा म्हणाली. "चूक माझी. मी धीर धरला नाही. एक मात्र मी खरोखर मोडला होता, तो दुरुस्त केलाय."

वफाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षीही तूच यायचं." मग तारेचं भेंडोळं घेऊन उभ्या असलेल्या हाझिमकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

हाझिमनं तोंड उघडलं. म्हणणार होता, शेजारी. समोरचं दुकान.

"हा हाझिम," रदवा म्हणाली, अगदी शांतपणे, सगळ्या पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात. "याचे वडील शुक्रवारी आमच्याकडे येणार आहेत. मामांना भेटायला. लग्न ठरवायची फातिहा वाचायला."

भेंडोळं हाझिमच्या हातातून सुटलं. "माझे... वडील?"

"हो."

"शुक्रवारी?"

"का? टांट्याहून गाडी मिळणार नाही का?"

हाझिमचं तोंड आधी पांढरं, मग लाल झालं... मग त्यावर असं हसू पसरलं की रदवाला नजर खाली वळवावी लागली.

"गाडी?" तो म्हणाला. "चालत येतील ते. गात गात येतील!"

आणि पोरींनी पुन्हा जगरूता घातली — या वेळी एकीमागून एक नव्हे, सगळ्या एकदम.