चर्चा करावी

दुपारी सव्वादोनला शास्त्रीबुवा आणि मावशी यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तहसीलदार सुलभा खरटमल खुर्चीतून उठल्या.

ही टोपणनावं कारकुनांनी ठेवलेली. राज्यकारभाराचं शास्त्र ज्यांनी घडवलं, त्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विचारवंतांचं सगळं लेखन पचवून ‘आद्य’ हे निर्णययंत्र तयार झालं होतं. त्याचे आवाज दोन. एक जर्मन पंडिताचा, म्हणजे शास्त्रीबुवांचा: माणूस पाहू नका, नियम पाहा. दुसरा अमेरिकन विदुषीचा, म्हणजे मावशीचा: हुकूम साहेबाचा नको, परिस्थितीचा हवा. दोघांचं जमलं नाही की निर्णय तहसीलदारांकडे यायचा, आणि तो रोजच यायचा. एकमत झालं तर मात्र त्यांच्या सहीची गरजच नव्हती.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पाथरवाडी धरणाचे दरवाजे पाच मिनिटांत उघडतील. काठावरची नोंदलेली वस्ती रिकामी झाली आहे.’

तेवढ्यात कोतवाल ग्यानबा घुगे यांचा फोन आला. “मॅडम, नदीतल्या बेटावर भोयांची सतरा माणसं हायेत! लेकरंबी हायेत. होडी निघालीय, वीस मिंटं पाणी थांबवा!”

“बेटावर माणसं आहेत!” सुलभाताई यंत्रावर ओरडल्याच.

“बेटावर वस्तीची नोंद नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“माझ्यापुढच्या परिस्थितीतही ती माणसं नाहीत,” मावशी म्हणाली. “उशीर झाला तर धरणाची भिंत फुटू शकते. खाली चाळीस हजारांचं शहर आहे.”

त्या कोरड्या सुराची सुलभाताईंना चीड आली. पण चाळीस हजार हा आकडा काही खोटा नव्हता.

एकमत मोडायचा अधिकार त्यांना नव्हता. काम रोखणारा एकच जुना शेरा यंत्रातून काढायचा राहून गेला होता. त्याच शेऱ्यावरून लोक सरकारी कचेऱ्यांची टिंगल करत, आणि त्यावरूनच त्यांनी स्वतः कारकुनांना कितीदा फैलावर घेतलं होतं. त्यांनी तो टाकला: ‘चर्चा करावी.’

पडद्यावरची पाच मिनिटांची उलटी मोजणी थांबली. फोनवर होडीच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. पडद्यावर धरणाची पातळी आणखी चार बोटं चढली.

“बसू चर्चेला,” दोन्ही आवाज एकदम म्हणाले. “पण मॅडम, आम्ही दोघं तर केव्हाच वारलो आहोत. भिंत फुटली, तर लोकांनी जाब कोणाला विचारायचा?”