सव्वीस जोड चपला

या, सरका जवळ. मागं बसलेल्यांनीही पुढं या. वारा आहे, माझा आवाज पोचायला हवा. आज एक गोष्ट सांगतो. ती भीतीची आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला पाण्याचं भय वाटतं त्यानं शेजारच्याचा हात धरावा. मध्येच कुणाला सोडणार नाही, गोष्ट किनाऱ्याला लावूनच थांबेन.

ओमानच्या अगदी उत्तरेला मुसंदम आहे. तिथं डोंगर थेट समुद्रात उतरलेत, आणि समुद्र त्यांच्यामधून गल्लीसारखा आत घुसलाय. अशा पाण्याच्या गल्लीला तिथले लोक खोर म्हणतात. दोन्ही बाजूंना उभे, करडे कडे. झाड नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. डिसेंबरच्या सुट्टीत मस्कतच्या रुवी-हमरिया भागातल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून खसब बंदरातून दोन लाकडी गलबतं ठरवली आणि दिवसभराच्या सफरीला निघाली.

पहिल्या गलबतावर सव्वीस माणसं होती. त्यांत एक स्नेहल, बारा वर्षांची. तिचे बाबा अतुल मस्कतच्याच गाला भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर. शाळेत सगळं इंग्रजीत, त्यामुळे मराठी बोलताना ती अडखळायची, आणि अडखळते म्हणून मग बोलायचीच नाही. तिच्याच इमारतीतला केयूर तेरा वर्षांचा, त्याची बहीण पूर्वा नऊची. त्यांचे आजोबा भिकाजी गावाहून, कोकणातून आले होते. आई-बाबा दुसऱ्या गलबतावर, आणि हे दोघं आजोबांबरोबर पहिल्यावर.

गलबतावर गालिचे अंथरलेले असतात, म्हणून चढताना चपला काढून टोपलीत ठेवायच्या. उल्हासकाका सफरीचे कारभारी. त्यांनी सकाळीच शोध लावला होता की माणसं मोजण्यात अर्थ नाही, ती इकडून तिकडं हलतात, चपला मोजाव्यात. बेटावर शिंपले सुरीसारखे धारदार, तिथं कोण अनवाणी उतरणार? तेव्हा चपला परत आल्या की माणूस परत आला. सगळ्यांनी त्यांच्या हुशारीला दाद दिली.

दुपारी जेवणं झाल्यावर गलबतं एका खडकाळ बेटापाशी थांबली. बेटावर जुन्या दगडी खोल्यांचे पडके अवशेष होते. छोटी होडी खेपा करून लोकांना उतरवू लागली. स्नेहलला बोट लागली होती, ती मागच्या टोकाला गादीवर पडून राहिली. भिकाजीआजोबा तिच्याशेजारी बसले होते. शेवटच्या खेपेला ते उठले, पिशवीतून नारळ काढला, आणि म्हणाले, "पोरी, समुद्राला नारळ देऊन येतो. माझी जागा राख हां."

तिनं मान हलवली. आणि तिला झोप लागली.

जाग आली ती हादऱ्यानं. गलबत चाललं होतं. आकाश पिवळट झालं होतं, वारा शिट्ट्या घालत होता, आणि पाण्याचे सपकारे गालिच्यापर्यंत येत होते. शमाल उठला होता, उत्तरेचा तो दांडगा वारा. त्याच्या धाकानं सगळ्यांना घाईघाईनं गोळा करून गलबतं बंदराकडं वळवली होती. स्नेहलनं शेजारी हात टाकला. आजोबांची पिशवी होती. त्यांचा चष्मा होता. आजोबा नव्हते.

ती वरच्या मजल्यावर जाऊन आली, न्हाणीघराचं दार ठोठावून आली. मग केयूरला गाठलं. तो पूर्वाबरोबर पत्ते खेळत होता. आजोबा कुठे म्हणून विचारलं तर तो म्हणाला, दुसऱ्या गलबतावर, तिकडं भजन चाललंय ना. भजन ऐकलं की त्यांना धरून ठेवता येतं का?

"तू पाहिलंस त्यांना जाताना?" स्नेहलनं विचारलं.

केयूरच्या हातातले पत्ते खाली आले. त्यानं पाहिलं नव्हतं.

तिघं उल्हासकाकांकडं गेली. काका खांबाला धरून बसले होते, त्यांचाही चेहरा उतरला होता, पण आवाज कारभाऱ्याचाच होता. त्यांनी सांगितलं की चपला त्यांनी स्वतः मोजल्यात, पुरते सव्वीस जोड, मुलांनी उगाच घबराट पसरवू नये आणि जागेवर बसावं. केयूर म्हणाला, मग नाखवाला वायरलेसवर विचारायला सांगा. काकांनी हात झटकला. अशा वाऱ्यात सुकाणूवरच्या माणसाला गप्पा मारायला लावायच्या का? मोठ्यांपैकी दोघातिघांनी माना डोलावल्या. स्नेहलचे बाबा तिच्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आईला ओकाऱ्या थांबत नव्हत्या.

मुलं परत फिरली. पूर्वा रडू लागली. घरी सकाळी म्हणतात तसं स्नेहल मनातल्या मनात म्हणत होती, बुद्धं सरणं गच्छामि, आणि पुढचा शब्दच आठवत नव्हता. ते बेट मागं मागं चाललं होतं, मुठीएवढं झालं होतं. तिची नजर टोपलीवर पडली.

"केयूर," ती म्हणाली, "आजोबा देवळात जाताना चपला घालतात?"

"वेडी आहेस का?"

"मग समुद्राला नारळ देताना?"

केयूर तिच्याकडं बघतच राहिला. आजोबांचा समुद्र म्हणजे देवच होता.

पुढं काय करायचं ते स्नेहलला ठाऊक होतं, पण करायचं धाडस नव्हतं. सगळे बघतील, ओरडतील. गलबत एका लाटेवर चढून धपकन आपटलं. तेवढ्यात तिनं टोपली धरली आणि गालिच्याच्या मधोमध उलटी केली. सव्वीस जोड चपला आणि बूट चहूकडं घरंगळले. एकच ओरडा झाला. कुणाच्या नव्या सँडलवर पाणी आलं, कुणाचा बूट कठड्याकडं निघाला. जो तो आपापलं उचलायला धावला, शिव्या घालत पायात अडकवू लागला. "ही कुणाची मुलगी? संस्कार आहेत की नाही?" असंही कुणीसं म्हणालं.

मग हळूहळू आवाज थांबला.

गालिच्यावर एक जोड उरला होता. जाड तळाच्या कातडी चपला, एकाचा अंगठा निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला. त्या घ्यायला कुणीच पुढं आलं नाही.

"काका, चपला आल्यात," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आय मीन, चपला गेल्याच नव्हत्या. आजोबा गेलेत."

उल्हासकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तोल सावरत नाखवाकडं धावले. नाखवा अम्मार खसबचाच तरुण, मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. ऐकता ऐकता त्यानं एका हातानं वायरलेस उचलला आणि दुसऱ्या गलबताचा नाखवा आदिल, त्याला विचारलं, बाबा भिकाजी तिकडं आहेत का? उत्तर यायला वेळ लागला. तिकडं नाव पुकारत असावेत. अम्मारनं उत्तराची वाट पाहिली नाही. त्यानं सुकाणू फिरवलं. गलबत अर्धं वळल्यावर खरखरत आवाज आला, नाहीत, आम्हाला वाटलं मुलांबरोबर आहेत.

परतीची ती पंचवीस मिनिटं! वारा आता कुशीवर होता, गलबत एका अंगावर कलायचं आणि सगळी माणसं एकमेकांवर घसरायची. भरती चढत होती. बेट जवळ आलं तेव्हा उतरायचा खडक पाण्याखाली गेलेला दिसला. बेटावर कुणी दिसेना. केयूरनं हाका मारल्या, वाऱ्यानं त्या त्याच्याच तोंडात परत कोंबल्या. स्नेहलच्या मनात एकच येत होतं, मी झोपले नसते तर.

"अम्मारभाई, उस तरफ!" पूर्वा ओरडली.

पडक्या भिंतीच्या आडोशाला काहीतरी पांढरं हललं. आजोबांनी धोतराचा सोगा वाहून आलेल्या एका काठीला बांधला होता, पण भिंतीमुळं तो समुद्रावरून सहज दिसत नव्हता. ते तिथून उठूच शकत नव्हते. शिंपल्यानं तळपाय उभा चिरला होता.

अम्मार छोट्या होडीतून गेला. शेवटचे दहा हात छातीएवढ्या पाण्यातून चालला आणि आजोबांना पाठुंगळी मारून घेऊन आला. यल्ला, बाबा, यल्ला, म्हणजे चला बाबा चला, असं सारखं पुटपुटत होता.

गालिच्यावर टेकल्यावर आजोबांनी पाणी मागितलं, एक तांब्याभर प्यायले, आणि म्हणाले, "नारळ मात्र नीट गेला हो."

लोक हसले, काही जणी रडल्या. स्नेहलच्या बाबांनी जखम धुऊन पट्टी बांधली. उल्हासकाका आजोबांच्या पायाशी बसून माफी मागत राहिले. मग सगळ्यांसमोर स्नेहलपुढं हात जोडून म्हणाले, मोठ्यांनी डोळे मिटले होते, पोरी, तू उघडलेस. आईनं तिला जवळ ओढलं. मघाशी संस्कार विचारणाऱ्या बाईंनीच तिच्या खांद्यावर आपली शाल घातली.

बंदर दिसू लागलं तेव्हा आजोबांनी स्नेहलला शेजारी बोलावलं.

"घाबरलो होतो गं," ते हळूच म्हणाले. "आधी देवाचं नाव घेतलं. मग बसल्या बसल्या एकेकाचं घेऊ लागलो, कुणाला माझी आठवण येईल म्हणून. मुलगा, सून, केयूर, पूर्वा, उल्हास. सगळी नावं संपली. तुझं नाव मी घेतलंच नव्हतं."

स्नेहलनं त्यांचा हात धरला आणि बंदर येईपर्यंत धरून ठेवला.

तर बाळांनो, लागली गोष्ट किनाऱ्याला. स्नेहलचं कौतुक त्या दिवशी पुष्कळ झालं, अजून होतं. मला एकच मागायचंय. आज दिवेलागणीला हात जोडाल, तेव्हा खसबच्या अम्मारची आठवण करा. त्यानं ना नातं विचारलं, ना वारा पाहिला. उत्तर येण्याआधीच त्यानं सुकाणू फिरवलं होतं.