गोठलेल्या कुरणावरचा ट्रक

"ट्रक पाण्यावरून चालतो का गं?" विल्बर ओरडला.

"आधी तुझं डोकं चालतं का ते बघ!" युलिसा धाकट्या भावावर खेकसली. पण खाली पाहिलं आणि तीही चक्रावली. आजोबांच्या पाणथळ कुरणाच्या ऐन मधोमध चाकांचे ठसे होते. भरदुपारी माणूस गुडघाभर रुततो, तिथं! कडेनं लाल झेंड्या रोवल्या होत्या.

झेंड्या कशाच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवा रस्ता इथून जाणार होता. हे ओलं गवत गेलं की लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकांनी खायचं काय? कळप विकून आजोबांना खाली सिकुआनी शहरात, मामाच्या दोन खोल्यांत राहायला जावं लागणार. परवापासून ते धड जेवले नव्हते. इथं दलदल आहे, असं गावची मंडळी रस्त्याच्या कचेरीत सांगून आली, तर उत्तर मिळालं, "नकाशात तिथं कडक जमीन आहे. नकाशा खोटं बोलत नाही!"

"नकाशा कशाला बोलेल? काढणारा बोलतो," शेजारचा नेस्तोर म्हणाला. "उद्या पहाटे बघूच!"

उजाडता उजाडता तिघं दगडी कुंपणामागे दबा धरून बसले. थंडीनं दात वाजत होते. तेवढ्यात ट्रक आला, खडखडत थेट कुरणात शिरला आणि मधोमध उभा राहिला. रुतला नाही! रात्रीच्या हिवानं सगळं कुरण दगडासारखं गोठलं होतं.

"अस्सं होय!" युलिसा पुटपुटली. "हे पहाटे येतात नि ऊन चढायच्या आत पळतात. यांनी दुपारचं कुरण कधी पाहिलंच नाही!"

ती धावतच ट्रकमधून उतरलेल्या इंजिनिअर सालासांकडे गेली. "साहेब, ट्रक बाहेर काढा. उन्हं आली की इथं चिखल होतो!"

"बाळ, सुट्टी आहे ना? मग खेळा जा," साहेब हसले. "एवढा ट्रक उभा आहे, दिसत नाही?"

युलिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती म्हणाली, "बरं. मग न्याहारी तरी करून जा आमच्याकडे."

त्या डोंगरात पुढं केलेलं अन्न कुणी नाकारत नाही, आणि वाढलेलं संपल्याशिवाय उठणं तर त्याहून वाईट. साहेब तिथलेच होते, त्यांना हे माहीत होतं. ड्रायव्हर युसेबियो तर आधीच बसला होता.

नेस्तोरनं कुंपणाजवळ मातीच्या ढेकळांची भट्टी रचली, तापवली, बटाटे आत टाकून ती त्यांच्यावरच मोडली, म्हणजे ते गरम मातीत भाजतात. यातच तास गेला! मग चीज आणि मिरचीच्या चटणीसोबत वाढणं सुरू झालं.

"हा जांभळा घ्या, साहेब!"

"अरे, पुरे!"

"हा वाकडा आमच्या आईच्या शेतातला. तिला वाईट वाटेल हं!"

"मला वाढा की कुणीतरी!" विल्बर कळवळला.

ऊन डोंगराच्या खांद्यावरून खाली उतरलं. गवताखालून पाण्याची बारीक कुळकुळ ऐकू येऊ लागली आणि युलिसाचा जीव भांड्यात पडला.

"साहेब, ट्रक!" युसेबियो किंचाळला.

चारही चाकं अर्धी खाली गेली होती! साहेब धावले, त्यांचा एक बूट चिखलातच राहिला. आजोबांनी शिंग फुंकलं. हातातली कामं टाकून गाव लामा या ओझ्याच्या जनावरांच्या लोकरीचे दोर घेऊन आलं. कुणी टोमणा मारला नाही. ट्रक बाहेर निघाला तेव्हा साहेबही कमरेपर्यंत बरबटलेले होते.

"तुमचं काय देणं लागतो, आजोबा?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"आमच्यात मदतीची फेड मदतीनंच होते. एक दिवस काम करा, झालं," आजोबा म्हणाले. "फक्त दुपारी या."

साहेब एक नव्हे, चार दुपारी आले. पायानं चाचपत त्यांनी सगळी जमीन पुन्हा मोजली. रस्ता वरच्या खडकाळ उतारावर सरकला. निरोप घेताना ते युलिसाला म्हणाले, "चुकलो गं. तू सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"पोरांनी आमच्याहून मोठं काम केलं!" सरपंचबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. नेस्तोर लाजला, विल्बर मुळीच लाजला नाही. आजोबा मात्र काहीच बोलले नाहीत, म्हणून युलिसा जराशी हिरमुसली.

संध्याकाळी ते तिला कुरणाच्या वरच्या टोकाला घेऊन गेले. तिथून पाणी कुठल्या चरात सोडायचं, हे चाळीस वर्षं त्यांनी एकट्यानं ठरवलं होतं. मामालाही त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता.

आजोबांनी आपली कुदळ तिच्या हातात दिली.

"कुठं सोडू?" युलिसानं घाबरत विचारलं.

"मला कशाला विचारतेस?" आजोबा म्हणाले आणि शेजारच्या दगडावर निवांत बसले.