एकशे बारानंतर पुन्हा सत्त्याण्णव

खोलीत आठ खुर्च्या होत्या, सहा माणसं, एक कुरकुरणारा पंखा आणि पुस्तकाच्या दोन प्रती. दुसरी प्रत मी मोजलीच नव्हती, कारण ती दातांच्या डॉक्टरांच्या पिशवीत होती. सगळा घोळ तिथेच झाला.

आमच्या गटाला वाचनालयातले लोक ‘भुताळी मंडळी’ म्हणतात. महिन्यातून एकदा मागच्या खोलीत जमायचं आणि ज्या गोष्टी घडूच शकत नाहीत त्यांच्यावरून जीव तोडून भांडायचं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बोलणाऱ्या भिंतींची पुस्तकं वाचते म्हटलं की तिथे सगळे हसतात. घरी ताई म्हणते, “हिला विज्ञान शिकवलं कशाला?” या एका खोलीत मात्र मला कुणी हसत नव्हतं. म्हणून पुस्तक सुचवायची पाळी पहिल्यांदा माझ्यावर आली, तेव्हा मी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक दिलं.

त्यात एका बाईच्या तळघरात भरती येते. बुडालेल्या भावाला शोधायला ती ओहोटीच्या वेळी खाली उतरते. आणि मग त्या उतरण्याची सोळा पानं जशीच्या तशी पुन्हा येतात. तोच जिना, तोच कंदील, तीच हाक.

“दुःख असंच तर असतं,” मी सांगत होते. “तीच पायरी, पुन्हा पुन्हा. आणि धाडस बघा, पानांचे आकडेसुद्धा मागे जातात! एकशे बारानंतर पुन्हा सत्त्याण्णव!”

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी डोळे टिपले.

“आणि उगाच हवेत काही नाही. त्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ आहे, असं लेखक लिहितो. खऱ्या समुद्रात तेवढंच असतं.”

“डॉक्टर, तुम्ही का गप्प?” गटाचे म्होरके काका म्हणाले.

“नाही... म्हणजे... माझ्या प्रतीत ती एकदाच उतरते.”

“तुम्ही नीट वाचलं नसेल,” मी म्हणाले.

“असेलही,” म्हणत त्यांनी स्वतःची प्रत काढली.

दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर कळलं. बांधणीवाल्याने सोळा पानांचा एक गठ्ठा दोनदा शिवला होता आणि त्याच्या पुढचा विसरला होता. वाचनालयाची ती प्रत आम्ही पाच जणांनी हातोहात वाचली होती आणि पाचही जण भारावलो होतो.

“म्हणजे आपण बांधणीवाल्याच्या डुलकीवर रडलो!” काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशीही हसल्या. सगळेच हसले. एकटे डॉक्टर हसले नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. “अहो, थांबा तरी...”

“दात काढायच्या आधी तुम्ही सांगता ना, दुखेल म्हणून?”

“सांगतो.”

“मग मला का नाही सांगितलं? चारचौघांत उपटायची काय गरज होती?”

त्यांच्या बाहीला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. भांडताना असलं काही लक्षात येऊ नये, पण आलं.

“माझी प्रत न्या,” ते हळूच म्हणाले. “राहिलेली सोळा पानं वाचा.”

वाचली. त्यांत एक शहाणा गृहस्थ येतो आणि सांगतो की तळघरात समुद्र वगैरे नाही, पाइप गळतोय. भाऊ बुडालेलाच नाही, परगावी त्याचं फर्निचरचं दुकान आहे. फर्निचरचं! मी दुसऱ्या दिवशी प्रत दवाखान्यात नेऊन आपटली. डॉक्टर आत होते. काकांना निरोप धाडला: माझं नाव कमी करा.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक बाटली आली. मागे डॉक्टर.

“पाणी तपासायचंय.”

“कुठलं?”

“तळघरातलं.”

“तुमचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे.”

“तीच तर काळजी आहे.”

मी हसले नाही. फार कष्ट पडले. “पिण्यासाठी की वापरासाठी?”

“खाली उतरण्यासाठी.”

मग त्यांनी आपली प्रत माझ्यापुढे ठेवली. ती मधेच बारीक झाली होती.

“सोळा पानं काढली. मुळासकट.”

“पुस्तक फाडलंत?”

“किडली होती ती!” त्यांचा आवाज चढला. “शंभर पानं ती बाई समुद्रात उतरतेय, आणि हा पठ्ठ्या म्हणतो पाइप गळतोय? पाइप? लाज नाही वाटली लिहिताना?”

आत साहेब खाकरले. मी बघतच राहिले. इतकं मनापासून, माझ्याएवढं चिडलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“तुमची प्रत वाचनालयातून आणून वाचली,” ते सावकाश म्हणाले. “ती दुसऱ्यांदा हाक मारते ना, तिथे... बाहेर पेशंट ताटकळत होता आणि मी आत डोळे पुसत होतो. तुमचीच खरी आहे. परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

“ती पानं किडकी आहेत, हे त्याच दिवशी का नाही बोललात?”

“तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

हे खरं होतं.

“पण तुम्ही आला नाहीत तर...”

“तर काय?”

“तर मी नीट वाचलं नाही, असं मला कोण सांगणार?” त्यांनी नजर बाटलीवर ठेवली. कान मात्र लाल झाले होते. “मला ते रोज ऐकायचंय.”

मी बाटली उचलली. “निकाल संध्याकाळी मिळतो.”

“बसतो मी. वाचायला पुस्तक आहे. थोडं अशक्त झालंय, पण आहे.”

आत जाऊन मी पाणी मोजून बशीत ओतलं, आटवलं, उरलं ते तराजूवर ठेवलं. चूक नको म्हणून सगळं पुन्हा केलं. तीच बाटली, तशीच बशी, तोच तराजू.

दोन्ही वेळा एकच आकडा आला. मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम.