कोरं अस्तर

हृदयाच्या ऑपरेशनआधी अस्तरवाचन करून घ्यायचं, यात २०७१ साली कुणाला नवल वाटत नव्हतं. पूर्वी लोक रक्त-लघवी तपासून घ्यायचे, तसंच ते झालं होतं. त्यामुळे मिरजेतल्या एका रुग्णालयात डॉक्टर तहसीन मुजावर यांच्यासमोर बसताना मल्हार इनामदारांना धास्ती होती ती पत्नीच्या ऑपरेशनची. अहवालाची त्यांना काही विशेष भीती वाटत नव्हती.

इनामदारांची सारी नोकरी पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली होती. नळ, झडपा, पाण्याचा दाब या विषयांत कुणी शिकवायला आलेलं त्यांना खपत नसे.

"म्हणजे नळाला आतून गंज चढलाय आणि तुम्ही आतला थर बदलणार," ते म्हणाले. "सरळ काम आहे."

"नळ असता तर सरळच होतं, काका. पण नळ शिकत नाही. अस्तर शिकतं."

रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो, ते हे अस्तर. गर्भात या पेशी सुरुवातीला बऱ्याचशा सारख्या असतात. मग ज्यांच्यावरून रक्त जोरात वाहतं त्या धमनीच्या होतात, ज्यांच्यावरून संथ वाहतं त्या शिरेच्या. मेंदूत गेलेल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, सहजासहजी कुणाला आत सोडत नाहीत. यकृतातल्या चाळणीसारख्या भोकाभोकांच्या होतात.

"एकाच घरच्या मुली वेगवेगळ्या सासरी जातात आणि तिथलं वळण उचलतात, तसं समजा," डॉक्टर म्हणाल्या.

हे शिकणं म्हातारपणीही थांबत नाही. भीतीने धमनी आवळली की रक्ताचा ओघ बिघडतो आणि अस्तर तोही धडा गिरवतं. रोज गिरवलं की ते चिकट होतं, झिरपू लागतं, आणि हृदय आजारी पडतं. प्रत्येक धडा पेशीच्या जनुकांवर खूण ठेवून जातो. या खुणा तारीखवार वाचता येऊ लागल्या, तेच अस्तरवाचन.

शुक्रवारी इनामदारांच्या पत्नीच्या, गार्गीबाईंच्या, धमन्यांत त्यांच्याच रक्तातून वाढवलेलं कोरं अस्तर लावायचं होतं. असं लावलेलं अस्तर मात्र पहिल्या नव्वद दिवसांत जे शिकेल ते कायमचं. पुन्हा लावता येत नाही. लावलंच नाही, तर गार्गीबाईंच्या हातात फार तर वर्ष होतं.

"मग तिच्या अस्तराला हे शिकवलं कुणी?" इनामदारांनी विचारलं. "आमच्या घरात आवाज चढवायची पद्धत नाही. चौतीस वर्षांत मी तिच्यावर एकदाही ओरडलेलो नाही. विचारा तिला."

"विचारलं. त्याही हेच म्हणाल्या. तुम्ही अबोला धरता, काका?"

इनामदार हसले. "धरतो एखाद्या वेळी. कुठल्या घरात नसतो? भांड्याला भांडं लागण्यापेक्षा बरा."

"एक्केचाळीस वेळा धरलात. त्यांना तारखांसकट पाठ आहेत. सगळ्यांत मोठा सत्तावीस दिवसांचा."

"सत्तावीस? कशावरून?"

"तुमच्या बहिणीसमोर त्या म्हणाल्या होत्या की तुम्ही टाकीचा पंप चुकीचा घेतलात."

इनामदारांना तो पंप आठवेना. खूप आठवून पाहिलं. बायकोच्या आयुष्यातले सत्तावीस दिवस ज्याच्यापायी गेले, त्याची कंपनीसुद्धा त्यांना आठवेना.

"बरं, चुकलं माझं," ते म्हणाले. माणूस चूक कबूल करायला तयार होता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "आजपासून अबोला बंद. रोज बोलेन तिच्याशी. गोड बोलेन. सुटला ना प्रश्न?"

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे निळे पट्टे अबोल्याच्या दिवसांचे. इथे खुणा आहेत, पण विरळ. आता मधले दिवस बघा."

मधले दिवस खुणांनी काळे झाले होते.

"यात काहीतरी घोळ आहे," इनामदार म्हणाले. "हे तर आमचे चांगले दिवस. हा मे महिना बघा, तेव्हा आम्ही महाबळेश्वरला होतो. ती किती हसत होती."

"घोळ नाही, काका. आम्ही दोनदा वाचून घेतलं. अबोला सुरू झाला की निदान काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळलेलं असतं. तुम्ही हसून बोलत असता, तेव्हा मात्र त्या एकेक शब्द तोलत असतात. कुठल्या शब्दावर तुम्ही गप्प व्हाल, हे त्यांना कधीच सांगता आलेलं नाही."

इनामदारांना जबर धक्का बसला. त्याहून जास्त लाज वाटली. त्यांनी विचारलं, "मग मी करू काय?"

"ऑपरेशननंतर नव्वद दिवस त्यांना दापोलीला त्यांच्या ताईंकडे राहू द्या. भेट नाही, फोन नाही. त्या जायला तयार आहेत, पण तुम्ही स्वतः, राग न धरता, 'जा' म्हणालात तरच."

"हे मला सांगायला तिनं परवानगी दिली?"

"दिली. म्हणाल्या, सांगा, पण मी तिथे नसताना. आणि म्हणाल्या, तो चिडणार नाही हो, तो कधीच चिडत नाही."

गार्गीबाईंच्या खोलीपर्यंतच्या व्हरांड्यात इनामदारांनी दोनदा येरझारा घातल्या. वाक्य तयार केलं: गार्गी, तू खुशाल जा ताईकडे, मला राग नाही. इतकं सोपं वाक्य. मग त्यांनी दार उघडलं.

गार्गीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मनगटावरच्या पट्टीतून धमन्यांचा ताण समोरच्या भिंतीवर हिरव्या रेघेत उमटत होता. इनामदार आत आले आणि रेघ बोटभर वर चढली. दाबाचे काटे वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

महाबळेश्वर, तिचे वाढदिवस, रोज सकाळी गॅलरीत एकत्र घेतलेला चहा, या सगळ्यात ती घाबरलेली होती. या क्षणी त्यांच्या मनात रागाचा लवलेश नव्हता. फक्त तोंडातून शब्द फुटत नव्हता.

गार्गीबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. रेघ चढत होती.

"सांगितलं का डॉक्टरांनी?"

इनामदारांनी मान डोलावली.

"माझं काही चुकलं का, मल्हार?"

नाही, नाही, अशी त्यांनी जोरजोरात मान हलवली. ओठ हलले, पण आवाज आलाच नाही. त्यांनी बायकोचा हात धरला, तेव्हा तो थंडगार लागला.

"बरं, मी नाही जात ताईकडे," गार्गीबाई घाईघाईने म्हणाल्या. "शुक्रवारचं ते ऑपरेशनही राहू दे. मी सांगते डॉक्टरांना. तू फक्त बोल."